फर्नचा जीनोम एवढा अवाढव्य का, आणि सिक्वेन्स करायला घेतला तर घोडं नेमकं कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: फर्नचे (नेच्यांचे) जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, एवढे मोठे का असतात, मोठा जीनोम म्हणजे जीन्सही तेवढ्याच पटीत जास्त का, आणि उद्या एखाद्या फर्नचा जीनोम सिक्वेन्स करायचा (डीएनएमधली अक्षरं क्रमाने वाचून काढायची) ठरवला तर सुरुवात कुठून करायची. विचारणाऱ्यांनी शेवटी लिहिलंय की "आता सिक्वेन्सिंग स्वस्त झालंय, मग अडचण काय?" तर अडचण मशिनमध्ये नाहीच, मशीन आपलं काम चोख करतं. मी या कामात बरीच वर्षं घालवलीत, त्यातली निम्मी तपकिरी चिकट डीएनएकडे हताशपणे बघण्यात, त्यामुळे उत्तर लांबणारे, निवांत वाचा.

आधी जीन्सचं निकालात काढू. साल्विनिया कुकुलाटा नावाचा पाण्यावर तरंगणारा चिमुकला फर्न आहे, त्याचा जीनोम ०.२६ जीबी, म्हणजे साधारण २६ कोटी बेस, डीएनएची अक्षरं (१ जीबी म्हणजे १०० कोटी). दुसरीकडे सेराटॉप्टेरिस रिचर्डाय, लॅबवाल्यांचा लाडका, त्याची असेंब्ली (वाचलेले तुकडे जोडून तयार केलेला जीनोम) ७.४६ जीबीची. म्हणजे जवळजवळ २९ पट. आता जीन्स मोजा, साल्विनियात २० हजारांच्या आसपास आणि सेराटॉप्टेरिसमध्ये ३७ हजारांच्या आसपास. दुप्पटसुद्धा नाही. मग बाकीचं काय आहे? बाकीची बहुतेक अडगळ. सेराटॉप्टेरिसच्या जीनोमचा ८५ टक्के भाग रिपीट्सचा आहे, म्हणजे ट्रान्सपोझॉन, स्वतःच्या कॉप्या काढत इकडेतिकडे घुसणारे तुकडे, त्यातले कित्येक कधीच मेलेले, पण पडून आहेत. माळ्यावर टाकलेलं सामान जसं कोणी उतरवत नाही आणि दर वर्षी त्यात थोडी भर पडत जाते, तसंच.

आणि टोकाचं उदाहरण हवं असेल तर न्यू कॅलेडोनियातला ट्मेसिप्टेरिस ओब्लान्सिओलाटा बघा. वीतभर वाढणारी, झाडाच्या खोडावर लोंबणारी, बघून कोणाला काही वाटणार नाही अशी वनस्पती, पण २०२४ मध्ये लंडनच्या क्यू गार्डन्स आणि बार्सिलोनाच्या बोटॅनिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी मोजलं तर १६०.४५ जीबी निघाला. माणसाच्या ५० पट. आजवर मोजलेल्या सगळ्या सजीवांत सगळ्यात मोठा, आधीचा विक्रम जपानी पॅरिस जापोनिकाचा होता, १४९ च्या आसपास. लक्षात घ्या, हा आकार "मोजला"य, सिक्वेन्स केलेला नाही. या दोन गोष्टींत लोक फार गल्लत करतात.

आता मोठा का. इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण जुनं उत्तर अर्धं बरोबर आणि अर्धं चूक आहे आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी तेच शिकवतात.

बहुतेक फर्न होमोस्पोरस, म्हणजे एकाच प्रकारचे स्पोर (बीजाणू) करणारे. एक स्पोर पडतो, त्यातून नखाएवढा हिरवा हृदयाच्या आकाराचा गॅमेटोफाइट उगवतो, त्याच्यावरच नर आणि मादी दोन्ही अवयव असू शकतात. तो स्वतःचा स्वतःशीच जुळला तर? गॅमेटोफाइट हॅप्लॉइड, म्हणजे जीनोमची एकच प्रत असलेला, त्याचं अंडं आणि शुक्राणू जनुकीयदृष्ट्या हुबेहूब एक, म्हणजे पुढची पिढी एका झटक्यात शंभर टक्के होमोझायगस, प्रत्येक जीनच्या दोन्ही प्रती एकसारख्या. फुलझाडांत स्वपरागण झालं तरी असं होत नाही, तिथे पिढीगणिक निम्मं निम्मं होत जातं. तर १९६६ मध्ये क्लेकोव्स्की आणि बेकर यांनी मांडलं की या धोक्यावर उपाय म्हणून होमोस्पोरस फर्न वारंवार पॉलिप्लॉइड झाले, जीनोमच्या जादा प्रती ठेवून विविधता राखली, म्हणून त्यांची क्रोमोसोम (गुणसूत्र) संख्या एवढी प्रचंड. आणि संख्या खरंच प्रचंड आहे, होमोस्पोरस फर्नची सरासरी ५७ च्या आसपास, हेटेरोस्पोरसची (दोन प्रकारचे स्पोर करणाऱ्यांची) १४ च्या आत, फुलझाडांची १६. हे सगळे हॅप्लॉइड आकडे हां. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलाटममध्ये तर दुहेरी आकडा १४४० नोंदलाय.

गोष्ट झकास होती. पण १९८० च्या दशकात आयसोझाइमचा (एकाच एन्झाइमची वेगवेगळी रूपं) जमाना आला, लोकांनी जेल चालवून एकेका जीनच्या किती प्रती काम करतायत ते बघितलं, आणि दिसलं काय तर ५०-६० क्रोमोसोमवाले फर्न साध्या डिप्लॉइडसारखे (दोनच प्रती असल्यासारखे) वागतायत, जादा प्रती गप्प. शिवाय निसर्गात बरेचसे फर्न परक्या गॅमेटोफाइटशीच जुळतात हेही लक्षात आलं, म्हणजे ज्या रोगावर औषध म्हणून पॉलिप्लॉइडी सांगितली तो रोगच तितकासा नव्हता. हॉफ्लर या फर्न-अभ्यासकाने १९८७ मध्ये म्हटलं की जीनोम दुप्पट होत असणार, नंतर जीन्स एकेक करून बंद पडत असणार, पण क्रोमोसोम मात्र तसेच राहत असणार. घरातली माणसं निघून गेली पण खोल्या पाडल्या नाहीत, असा प्रकार. मला हे म्हणणं तेव्हापासून पटलेलं, पण पुरावा द्यायला पूर्ण जीनोम हवा होता, आणि तो यायला पुढची ३५ वर्षं गेली.

२०२२ हे फर्नवाल्यांसाठी दिवाळीचं वर्ष. एकाच वर्षात तीन मोठे होमोस्पोरस जीनोम क्रोमोसोमपर्यंत जोडून बाहेर आले, वृक्ष-नेचं अल्सोफिला स्पिनुलोसा (सुमारे ६.२ जीबी, ६९ क्रोमोसोम), हंसराज म्हणजे अडियँटम कॅपिलस-व्हेनेरिस (४.८३ जीबी, ३० क्रोमोसोम) आणि वर सांगितलेला सेराटॉप्टेरिस (३९ क्रोमोसोम). सेराटॉप्टेरिसमधलं शेवटचं संपूर्ण डुप्लिकेशन (अख्खा जीनोम दुप्पट होणं) साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचं निघालं, अल्सोफिलातलं तर १० कोटींहून जुनं. म्हणजे हे "वारंवार पॉलिप्लॉइड" होणारे फर्न कोट्यवधी वर्षांत एकदा दुप्पट झालेत. आणि त्यानंतर सेराटॉप्टेरिसने जीन्स भरपूर गमावल्या, सरसकट, तरी क्रोमोसोम ३९. फुलझाडं डुप्लिकेशननंतर क्रोमोसोम जोडून-तोडून-टाकून संख्या खाली आणतात, मोहरीच्या कुळात बघा किती उलथापालथ आहे ती. फर्न तसं करत नाहीत. म्हणजे हॉफ्लर बऱ्यापैकी बरोबर होता, फक्त "जीन्स गप्प झाल्या" एवढंच नाही, बऱ्याच गायबच झाल्या. याच धर्तीवर २०२४ मध्ये होमोस्पोरस लायकोफाइट्सचं, म्हणजे फर्नच्या लांबच्या चुलत्यांचं, काम आलं, ह्युपर्झिया आणि डिफॅसिअ‍ॅस्ट्रम यांच्यात ३० कोटींहून जास्त वर्षं जीन्सचा क्रम चांगल्यापैकी टिकून राहिलाय. फुलझाडांवर काम केलेल्या माणसाला हे वाचून घेरी यावी.

तर मोठेपणाचं कारण दुहेरी आहे: जुनी डुप्लिकेशन्स, ज्यांचे क्रोमोसोम कमी झाले नाहीत, आणि त्यावर साचत गेलेले ट्रान्सपोझॉन. यातलं दुसरं जास्त जागा खातं.

इथून पुढे माझं मुख्य म्हणणं, आणि अडचणीच्या प्रश्नाचं उत्तरही तेच. फर्न म्हणजे फुलझाडाचा मोठा अवतार नव्हे. प्रोटोकॉल, सॉफ्टवेअर, डेटाबेस, आपल्या डोक्यातले अंदाज, सगळं फुलझाडांवर बेतलेलं आहे आणि फर्नवर ते जिथे जिथे आंधळेपणाने वापरलं तिथे तिथे मी तोंडावर आपटलोय.

सुरुवात झाड निवडण्यापासून. नवशिका माणूस सगळ्यात हिरवंगार, सहज मिळणारं झाड उचलतो. थांबा. २००९ च्या एका मोठ्या अभ्यासात असं निघालं की फर्नमध्ये नवी प्रजाती तयार होण्याच्या ३१ टक्के घटनांत प्लॉइडी, म्हणजे क्रोमोसोम संचांची संख्या, वाढलेली असते, फुलझाडांत हेच १५ टक्के. म्हणजे तुम्ही ज्याला एक प्रजाती म्हणताय तिच्यात डिप्लॉइड, टेट्राप्लॉइड, ट्रिप्लॉइड (दोन, चार, तीन संचवाले) अशी सरमिसळ असण्याची शक्यता भरपूर, आणि बाहेरून ढिम्म काही कळत नाही. वर काही फर्न लैंगिक प्रजनन सोडून दिलेले, गॅमेटोफाइटमधून फलनाशिवाय थेट नवं झाड. हे ओळखायची एक स्वस्त युक्ती आहे: पिकलेला स्पोरँजियम (स्पोरची पिशवी) स्लाइडवर फोडा आणि स्पोर मोजा. नेहमीच्या लेप्टोस्पोरँजिएट (पातळ भिंतीच्या स्पोरँजियमवाल्या) फर्नमध्ये ६४ असतात, ३२ मोठे मोठे दिसले तर समजा अपोगॅमस (फलनाशिवाय वाढणारा) असण्याचा दाट संशय. (सेराटॉप्टेरिससारखे अपवाद आहेत, तिथे मुळातच कमी असतात.) पाच-दहा स्पोरँजियम मोजायला अर्धा तास लागतो, आणि हा अर्धा तास न दिल्याने वर्ष वाया गेलेले लोक मी बघितलेत.

मग फ्लो सायटोमेट्री, म्हणजे केंद्रकातला डीएनए रंगवून त्याच्या चकाकीवरून जीनोमचा आकार मोजणं. गुंडाळलेलं कोवळं पान नव्या ब्लेडने गार बफरमध्ये बारीक चिरायचं, सोबत जीनोमचा आकार माहीत असलेलं झाड, वाटाणा वगैरे, तेही त्याच थेंबात चिरायचं, गाळायचं, प्रोपिडियम आयोडाइडने रंगवायचं आणि दोन शिखरांचं गुणोत्तर काढायचं. जून पान घेतलंत तर फिनॉल रंगाच्या आड येतात आणि शिखर पसरट होतं. मिळालेला आकडा पिकोग्रॅममध्ये, १ पिकोग्रॅम म्हणजे ०.९७८ जीबी. आणि इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: तो आकडा १सी (जीनोमची एक प्रत) आहे का २सी (दोन प्रती). आमच्याकडे एकदा एका विद्यार्थिनीने नीट निम्मा करून १सी लिहून दिला होता, मी शहाणपणा करून तो परत निम्मा केला, आणि त्या हिशेबाने डेटा मागवला. आला तोही निम्माच. असेंब्लीचे तुकडे बघून दोन आठवडे मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो, शेवटी तीच पोरगी वही घेऊन आली.

के-मरवरून (सिक्वेन्समधले ठरावीक लांबीचे तुकडे मोजून) जीनोमचा आकार काढता येतो की, फ्लो कशाला, असं हमखास कोणीतरी विचारतं. काढता येतो, पण के-मर मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हिस्टोग्रॅम (कोणता तुकडा किती वेळा आला) १० हजाराच्या पुढे कापायची डिफॉल्ट सेटिंग असते आणि फर्नमध्ये रिपीट्स एवढे की बराच जीनोम त्या कापलेल्या शेपटीतच असतो. मग आकडा कमी येतो आणि आपण खूश होतो की अरे वा, छोटा निघाला. मर्यादा वाढवून चालवा आणि तरीही फ्लोशी ताडून बघा.

आता माझी आवडती युक्ती, जी फुलझाडवाल्यांना इतक्या सहज मिळत नाही. वर म्हटलं ना की एकटा गॅमेटोफाइट स्वतःशी जुळला तर पूर्ण होमोझायगस झाड मिळतं? उत्क्रांतीसाठी ते संकट असेल, असेंब्लीसाठी ती लॉटरी आहे. दोन हॅप्लोटाइपची (आई-बापाकडून आलेल्या दोन प्रतींची) भानगडच मिटते. करायचं असं: स्पोर निर्जंतुक करून अगारवर टाका, आणि अगदी विरळ टाका, शक्यतो एकेक स्पोर वेगळ्या कप्प्यात. कारण गर्दीत वाढले तर आधी मोठा झालेला गॅमेटोफाइट अँथेरिडिओजेन नावाचं संप्रेरक सोडतो आणि शेजारच्या सगळ्या बारक्यांना नर करून टाकतो, मग कोणाचा शुक्राणू कोणाला लागला याचा पत्ता नाही. (हे संप्रेरक जिबरेलिनच्या घराण्यातलं. जपानी लोकांनी २०१४ मध्ये लायगोडियममध्ये दाखवलं की ते बनवायचं काम मोठे आणि छोटे गॅमेटोफाइट आपसात वाटून घेतात, अर्धं एकाने बनवायचं आणि उरलेलं दुसऱ्याने. फार सुंदर काम आहे.) एकटा वाढलेला सेराटॉप्टेरिस दोनेक आठवड्यांत हृदयाच्या आकाराचा होतो, खाचेजवळ भिंगातून बघितलं तर अंडाशयाच्या नळ्या दिसतात. ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब टाका, अँथेरिडियम फुटतात आणि स्प्रिंगसारखे पिळलेले शुक्राणू भिरभिरत बाहेर पडतात. कितीदा बघितलं तरी मी काम सोडून तिथेच बसतो. काही आठवड्यांत खाचेतून पहिलं पान वर येतं, ते झाड तुमचं. सगळ्या फर्नमध्ये जमत नाही, काहींमध्ये स्वतःशी जुळलेलं भ्रूण मरतं, काही गॅमेटोफाइट वर्षभर नुसते बसून राहतात, पण प्रयत्न केल्याशिवाय डेटा मागवू नका.

आता डीएनए. लांब रीड्स (मशीनने एका दमात वाचलेले तुकडे) हवेत तर लांब डीएनए हवा, आणि फर्नच्या पेशीत पॉलिसॅकराइड आणि पॉलिफिनॉल ठासून भरलेले. नेहमीच्या सीटॅब (एका डिटर्जंटच्या) पद्धतीने काढलात तर आयसोप्रोपॅनॉल टाकल्यावर ट्यूबमध्ये जे जमतं ते शेंबडासारखं असतं, पिपेटच्या टोकाला लोंबतं, खाली येता येत नाही, आणि रंग गुळासारखा. नॅनोड्रॉपवर (उजेड किती शोषला त्यावरून मोजणारं यंत्र) आकडा छान दिसतो, क्युबिटवर (फक्त डीएनए मोजणारं यंत्र) त्याच्या दहावा हिस्सा. नॅनोड्रॉपवर विश्वास ठेवून लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए) पाठवली की मशीनच्या फ्लो सेलमधले पोअर (डीएनए जायची छिद्रं) बंद पडतात किंवा पॉलिमरेज अडकतो. माझा उपाय: आधी केंद्रकं वेगळी करा, मगच ती फोडा. द्रव नायट्रोजनमध्ये पान कुटायचं, पीव्हीपी आणि बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल घातलेल्या थंड बफरमध्ये सोडायचं, जाळीतून गाळायचं, हळू फिरवून केंद्रकं खाली बसवायची, आणि वरचं पाणी हिरवं-तपकिरी न राहता जवळपास स्वच्छ दिसेपर्यंत धूत राहायचं. तीनदा लागेल, पाचदा लागेल. झाडं दोन-तीन दिवस अंधारात ठेवून मग पानं तोडली तर स्टार्च कमी होतो, हेही करा. आणि शक्यतो उलगडायच्या बेतात असलेली कोवळी पानं, पूर्ण उघडलेली नकोत.

बाहेरून काय चिकटून येतंय तेही बघा. अझोला घेतलात तर त्याच्या प्रत्येक पानाच्या पोकळीत नॉस्टॉक अझोली हा सायनोबॅक्टेरिया बसलेला असतो, पिढ्यान्‌पिढ्या फर्नच्या स्पोरोकार्पमधूनच पुढे जाणारा, तो डीएनएमध्ये येणारच. तिथे निदान पाहुणा ओळखीचा आहे, त्याचा जीनोम २०१० पासून उपलब्ध आहे. रानातून आणलेल्या फर्नच्या मुळाखोडात मात्र कोणकोणत्या बुरश्या असतील याचा नेम नाही.

अझोलावरून आठवलं, फर्नचा पहिला जीनोम कसा आला माहितीये का? कोणी पैसे द्यायला तयार नाही म्हणून प्रायर आणि ली या फर्न-संशोधकांच्या गटाने २०१४ मध्ये लोकवर्गणी काढली. १५ हजार डॉलर मागितले, २२ हजारांच्या वर जमले, मग चीनची बीजीआय सामील झाली आणि २०१८ मध्ये अझोला (०.७५ जीबी) आणि साल्विनिया दोन्ही एकत्र छापून आले. हे दोनच का, तर फर्नची सरासरी १२ जीबी आणि हे दोघे हेटेरोस्पोरस, आकाराने बारके. परवडणारे म्हणून निवडले, आणि हुशारीने निवडले.

सिक्वेन्सिंग आणि असेंब्लीबद्दल मी फार लिहीत नाही, ते आता खरंच सोपं झालंय. १० जीबीच्या जीनोमला ३० पट हायफाय (लांब आणि अचूक रीड्स) म्हणजे ३०० जीबी डेटा, हायफॅझम (ते जोडणारा प्रोग्रॅम) चालवायला शेकडो जीबी रॅम (हा जीबी मेमरीचा, तो बेसचा, या गोंधळावर आमच्याकडे एक अख्खी मीटिंग वाया गेलीय). मग हाय-सी (पेशीत डीएनएचे कोणते भाग जवळजवळ असतात ते सांगणारी पद्धत) करून काँटिग, म्हणजे जोडलेले लांब तुकडे, क्रोमोसोममध्ये लावायचे. हाय-सीच्या नकाशात तिरक्या रेषेवर जेवढे चौकोन दिसतील तेवढे क्रोमोसोम, पण हे ताडून बघायला खरी संख्या माहीत हवी, म्हणजे परत जुनं काम, कोवळे स्पोरँजियम ॲसिटोकार्मिनमध्ये चेपून मायोसिसमधल्या जोड्या मोजणं. ३९ जोड्या मोजता येतात. ऑफिओग्लॉसम घेतलंत तर ७२० मोजा, शुभेच्छा.

खरी गंमत ॲनोटेशनमध्ये, म्हणजे जीन्स कुठून कुठपर्यंत आहेत ते शोधण्यात. सेराटॉप्टेरिसमध्ये ट्रान्सपोझॉन इन्ट्रॉनच्या (जीनमधला, आरएनएतून कापून टाकला जाणारा भाग) आत घुसून बसलेत आणि त्यामुळे एकेक जीन इतर झाडांच्या मानाने भलतीच लांब झालीय. आता तुमच्या पाइपलाइनमध्ये कोणीतरी फुलझाडांच्या हिशेबाने इन्ट्रॉनची कमाल लांबी १०-२० हजार बेस घालून ठेवलेली असते. फर्नचा इन्ट्रॉन त्यापेक्षा लांब निघाला की प्रोग्रॅम एका जीनच्या दोन जीन्स करतो, कधी तीन. वर रिपीट्स पूर्ण झाकून टाकले तर मधला भाग दिसतच नाही. निकालात मग ६०-७० हजार जीन्स येतात आणि लोक आनंदाने सांगतात, बघा, पॉलिप्लॉइड आहे म्हणून एवढ्या जास्त. असा आकडा दिसला की आधी पूर्ण लांबीच्या ट्रान्स्क्रिप्टचा डेटा घ्या, आयसो-सेक वगैरे, आणि दहा-वीस जीन्स स्वतः ब्राउझरमध्ये उघडून बघा. स्क्रीनवर एक्सॉनचे (जीनच्या उरणाऱ्या भागांचे) छोटे ठिपके आणि मधे लांबच लांब रेघ असं चित्र दिसतं. ते डोळ्यात बसलं की पुढे चूक लगेच कळते. पानं, मुळं, स्पोरँजियम आणि गॅमेटोफाइट, सगळ्यांचा आरएनए घ्या, गॅमेटोफाइट हटकून विसरतात, आणि काही जीन्स मुख्यतः तिथेच चालू असतात.

बुस्कोचा (अपेक्षित जीन्सपैकी किती सापडल्या ते मोजणारा प्रोग्रॅम) आकडा कमी आला म्हणूनही घाबरायचं नाही. जमिनीवरच्या वनस्पतींचा जो १६१४ जीन्सचा संच सगळे बरीच वर्षं वापरत आले तो बनवताना बीजवाल्या वनस्पतींचंच वजन जास्त होतं, फर्नमध्ये त्यातल्या काही सापडत नाहीत आणि त्यात असेंब्लीचा दोष नसतो. हिरव्या वनस्पतींचा ४२५ चा छोटा संचही चालवून बघा, दोन्ही आकडे द्या.

क्लोरोप्लास्टचा जीनोम करताना जीनच्या मधोमध स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपलं सांगणारी खूण) दिसला तर तीही कदाचित चूक नाही. फर्नमध्ये आरएनए एडिटिंग (आरएनए बनल्यावर त्यातली अक्षरं बदलणं) जोरात चालतं, हंसराजच्या क्लोरोप्लास्टमध्ये अशा ३५० जागा सापडल्यात, बहुतेक सीचा यू होतो पण काही ठिकाणी उलटंही, यूचा सी, आणि त्यातून स्टॉप कोडॉन पुसला जातो. फुलझाडांत हे उलटं एडिटिंग जवळपास नाही, म्हणून सॉफ्टवेअर बिचारं त्याला स्यूडोजीन (निकामी जीन) म्हणून मोकळं होतं.

आता एक गोष्ट जिच्यावरून वाद होतात, परकी जीन्स. फर्नमध्ये बॅक्टेरियातून किंवा दुसऱ्या वनस्पतींतून आलेल्या जीन्सचे चांगले पुरावे आहेत. निओक्रोम हा अंधाऱ्या जंगलात कामाला येणारा प्रकाश ओळखणारा रिसेप्टर, तो फर्नना मॉसच्या नात्यातल्या हॉर्नवर्टकडून मिळाला असं २०१४ मध्ये दाखवलं गेलं. लखनौच्या एनबीआरआयने २०१६ मध्ये टेक्टेरिया मॅक्रोडोंटा या फर्नमधलं टीएमए१२ हे प्रथिन कापसात घालून पांढऱ्या माशीपासून संरक्षण मिळतं हे दाखवलं, आणि दोन वर्षांनी साल्विनियाच्या जीनोममध्ये त्याची बहीण जीन सापडली, तिचं मूळ बहुधा बॅक्टेरियात. छानच आहे हे. पण म्हणून तुमच्या असेंब्लीत बॅक्टेरियाची जीन दिसली की लगेच पेपर लिहायला घेऊ नका, दहातल्या नऊ वेळा ते पानावरचं घाण पाणी असतं. मी चार गोष्टी बघतो: एकच लांब रीड त्या जीनमधून शेजारच्या नक्की फर्नच्या असलेल्या जीनमध्ये सलग जातो का, तिची कव्हरेज (किती रीड्सनी झाकली) आजूबाजूसारखीच आहे का, त्यात इन्ट्रॉन आलाय का, आणि जवळच्या दुसऱ्या फर्नमध्ये ती सापडते का. पहिली कसोटीच नापास झाली तर बाकीच्या बघण्यात अर्थ नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही विचारलं जातं. फर्न हे बीजधारी वनस्पतींचे सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक आहेत. फुलातली कोणती जीन मुळात कशासाठी होती हे कळायला फुल नसलेला नातेवाईकच लागतो. लीफी ही जीन फुलझाडांत फूल घडवते, सेराटॉप्टेरिसमध्ये २०१८ मध्ये दिसलं की तिथे ती वाढीच्या टोकावरची पेशी विभागत ठेवते, गॅमेटोफाइटमध्येही आणि झाडातही. अशी तुलना दोन-तीन जीनोमवर होत नाही, फर्नच्या साडेदहा हजार प्रजाती आहेत आणि नीट झालेले जीनोम अजून त्यामानाने चिमूटभर.

आणि हे सगळं वाचून एक व्यवहारी गोष्ट. तुमचा प्रश्न जर "या तीन प्रजातींचं आपसातलं नातं काय" एवढाच असेल, तर जीनोम करूच नका. क्लोरोप्लास्ट आणि दोन-चारशे निवडक जीन्सचं टार्गेट कॅप्चर (फक्त हवे ते तुकडे ओढून सिक्वेन्स करणं) बास आहे, ते जुन्या हर्बेरियमच्या (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या) पानावरूनही होतं. जीनची कामं शोधायची असतील तर ट्रान्स्क्रिप्टोम, म्हणजे चालू जीन्सचा सगळा आरएनए. जीनोम तेव्हाच, जेव्हा प्रश्न जीन्सच्या क्रमाबद्दल, डुप्लिकेशनबद्दल, रिपीट्सबद्दल किंवा नियंत्रणाच्या भागांबद्दल असेल.

करायचंच ठरलं तर ज्या झाडाचा डीएनए काढणार त्याच झाडाचं एक पिकलेलं पान आजच दाबून ठेवा, डीएनए निघाल्यावर नव्हे, कारण तोवर झाड मेलेलं असतं हा अनुभव आहे. थोडे स्पोर कागदाच्या पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. पाकिटावर तारीख, जागा आणि मोजलेली स्पोरसंख्या. पान दाबताना मागची बाजू वर राहील असा निदान एक तुकडा उलटा ठेवा, ओळख पटवायला सोरस (पानामागचे स्पोरँजियमचे ठिपके) दिसावे लागतात, आणि नेमकं तेच कागदाला चिकटून झाकलं गेलेलं असतं.